फुंकरसिस्टरच्या नणंदेचा पाय

ड्रेसिंगच्या खोलीशी येणारा माणूस दारातूनच विचारायचा, "फुंकरसिस्टर आहेत ना?" आणि नाही म्हटलं की खुशाल म्हणायचा, "मग उद्याच येतो." मोठे डॉक्टर कोण आहेत, औषध कुठलं लावणार आहेत, याची कुणाला काही पडलेली नव्हती. पट्टी सोडवायला ती हवी, एवढंच लोकांना कळायचं.

आता हे नाव तिला कसं पडलं ते सांगायलाच हवं. जखम साफ करून झाली की ती खाली वाकायची आणि तोंडावरच्या मास्कमधूनच जखमेवर हळूच फुंकर घालायची. मास्कमधून हवा ती किती जाणार? एकदा एका चौकस गृहस्थांनी तिला तसं सुनावलंही. "सिस्टर, वाराबिरा काही लागत नाही हो मला." तिने मान वर न करता विचारलं, "मग बोंबलायचे थांबलात कशाला?" पुढच्या खेपेला ते स्वतःच म्हणाले, "सिस्टर, आज फुंकर राहिली."

तिचा खरा वैरी म्हणजे चिकटलेलं गॉज. जखमेतलं पाणी आणि रक्त सुकतं, त्यात ती जाळीदार पट्टी घट्ट बसते, आणि ओढली की नवी आलेली कातडीसुद्धा तिच्याबरोबर निघून येते. नवशिक्या पोरी ती खस्सकन ओढायच्या. पेशंट किंचाळायचा. मग ही धावून जायची आणि त्या पोरीला असं काही झापायची की विचारू नका. "उद्या तुझ्या केसांना च्युइंगगम लावते आणि अशीच ओढून काढते, मग कळेल!" तिची पद्धत ठरलेली होती. सलाईनची बाटली उचलायची, गॉजवर धार सोडायची, भिजू द्यायचं आणि तोवर बोलायचं. घरी कोण कोण असतं, साहेब कसा आहे, सासू अजून तशीच का? माणूस साहेबाला शिव्या घालण्यात रंगला की गॉज अलगद तिच्या चिमट्यात आलेलं असायचं. "झालं?" तो विचारायचा. "कधीच झालं," ही म्हणायची.

अख्ख्या दवाखान्याला जिने असं जिंकलं होतं, तिची घरात मात्र डाळ शिजत नव्हती. घरी नणंद होती.

ही नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या आणि भावाच्या घरात वरच्या खोलीत राहिल्या. पोरांनी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं, आणि ते अगदी चपखल होतं. गळ्यातली शिट्टी घरीसुद्धा उतरत नसे. चहाला उशीर झाला की वरून शिट्टी. खिडकी उघडी राहिली की शिट्टी. वन्सं असं आहे हो, वन्सं तसं आहे, असं काही सांगायला ही जिना चढायची, आणि दोघींची जी जुंपायची ती शेजारी खिडक्या लावून घेईपर्यंत. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. यांचं सुरू झालं की तो डोळ्याला भिंग लावून खाली मान घालायचा. ज्या घड्याळाला काही झालेलं नाही तेही उघडून बसायचा बिचारा.

शिट्टीबाईंचा सगळ्यात मोठा राग त्या फुंकरीवर. "अगं सिस्टर," त्या म्हणायच्या, कारण भावजयीला त्या घरातही सिस्टरच म्हणत, आणि ते म्हणण्यात चांगलीच खोच असे, "जखम म्हणजे काय बशीतला चहा आहे, फुंकर घालून निववायला? माझ्या मैदानावर पोरं पडतात. मी म्हणते, ऊठ आणि धाव. झाली बरी!"

"तुमच्या मैदानावरची पोरं तुम्हाला घाबरून धावतात, वन्सं."

"धावतात ना? मग!"

अशी ही दोघींची माया. आणि मायाच होती ती, उगीच नाही म्हणत. एकीला ताप आला तर दुसरी रात्रभर उशाशी बसायची आणि सकाळी त्यावरूनच भांडायची.

एकदा संध्याकाळी सिस्टर कामावरून आली आणि दारात चपला काढताना थबकली. तिथे शिट्टीबाईंचे कॅनव्हासचे बूट पडले होते. बुटातून एक वास येत होता. घामाचा नव्हे. आयुष्यभर ज्या वासात तिने दिवस काढले तो वास तिने अंधारातसुद्धा ओळखला असता. पिशवी तिथेच टाकून ती जिना चढली.

"वन्सं, मोजा काढा."

"आल्या आल्या काय गं भुणभुण?"

"मोजा काढा म्हणते ना!"

आवाज असा होता की शिट्टीबाईंनी चक्क ऐकलं. उजव्या पायाच्या अंगठ्याखालच्या गादीत खड्डा पडला होता, कडा पांढऱ्या, आत हिरवट. सिस्टरने बूट उलटा केला. फलकावर कागद टोचायची एक पिन बुटाच्या तळातून आत घुसून वाकडी झाली होती. शाळेचे खेळांचे सामने झाले, बक्षीस समारंभ झाला, आणि बाई ती पिन घेऊन मैदानभर फिरत होत्या.

"अहो, कळलं कसं नाही तुम्हाला?"

"दुखलं असतं तर काढली नसती का? मूर्ख आहे का मी?"

बाईंना शुगर होती. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. शुगरने पायाचं दुखणं केव्हाच पळवून नेलं होतं, तळवा बधिर झाला होता, आणि त्या आपलं अंगात ताकद आहे म्हणून मिरवत होत्या. सिस्टरने जखम धुतली, बांधली, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावभरच्या पायांना ही हात लावत होती आणि घरातला पाय सडत आला तरी हिला पत्ता नाही!

सर्जनसाहेबांनी पाय पाहिला, एक्स-रे पाहिला. हाड अजून वाचलेलं होतं. "पंधरवडा बघू," ते म्हणाले. "औषधं सुरू करू, शुगर आणू खाली. पण जखम भरायला लागली नाही, तर पावलाचा पुढचा भाग कापावा लागेल. त्याहून उशीर केला तर पायच जाईल."

"म्हणजे मैदानावर मी खुर्ची टाकून बसू?" शिट्टीबाईंनी विचारलं. साहेबांनी औषधं लिहायला घेतली. मग रिक्षातून घरी येईपर्यंत बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. रिक्षावाल्याने चुकीचं वळण घेतलं तरी बोलल्या नाहीत. सिस्टर खरी घाबरली ती तेव्हा.

दवाखान्याच्या अंगणापलीकडे कॉलेजची इमारत होती आणि तिच्या तळमजल्यावर एक मुलगी जखमेवर लावायच्या नव्या पट्ट्या बनवायची. डोळ्यांवर मोठा चष्मा, केसांत पेन खोचलेलं आणि ते शोधत फिरायची सवय. दवाखान्यात सगळे तिला जाळीवाली म्हणत. तिच्या पट्ट्यांना परवानगी मिळालेली होती, काही पेशंटवर त्या लावून बघत होते, आणि साहेबांनीच शिट्टीबाईंचं नाव सुचवलं. संमतीच्या कागदावर सही करताना बाई म्हणाल्या, "करा प्रयोग. बेडूक तरी असेच किती मारले असतील."

सिस्टर मात्र आधी स्वतः बघायला गेली. डोळे मिटून कशावर विश्वास ठेवण्यातली ती नव्हतीच. काचेच्या पेटीत आडवी इंजेक्शनची सिरिंज होती, तिच्यात पाकासारखं दाट काहीतरी. समोर एक गोल रूळ फिरत होता. सुईला मोठा विजेचा दाब दिला की टोकावरचा थेंब ताणला जायचा आणि त्याचा धागा होऊन रुळाकडे झेपावायचा. धागा म्हणजे काय, दिसतच नव्हता! केसाहून शेकडो पट बारीक. रुळावर हळूहळू पांढरी साय धरल्यासारखी दिसायला लागली तेव्हाच कळलं की धागा येतोय.

"औषध कुठंय?" सिस्टरने विचारलं.

"धाग्यातच आहे, सिस्टर. पाकातच मिसळलंय ना. जखमेतून ओलावा येतो, तसतसा धागा विरघळतो आणि औषध सुटतं. थोडं थोडं, आठवडाभर. म्हणून रोज उघडायची गरजच नाही. उलट उघडायचीच नाही. आणि भिजवायची तर अजिबात नाही. भिजली की सगळं औषध एका दमात वाहून जाईल."

"बरं," सिस्टर म्हणाली. आणि तिला पूर्ण कळलं होतं बरं का. डोक्याला कळलं होतं. हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

पट्टी लावली, वरून पारदर्शक पातळ आवरण चिकटवलं. आता रोज फक्त बाहेरून बघायचं. शिट्टीबाईंना तर उकळ्याच फुटल्या. पाय उशीवर ठेवून त्या म्हणायच्या, "काय गं सिस्टर, आता तुझी नोकरी गेली म्हणायची. ना भिजवणं, ना सोडवणं, ना तुझी ती फुंकर." ही जळफळायची, पण आत कुठेतरी बरं वाटायचं. बाई बोलायला लागल्या होत्या ना.

आणि मग तिने ते करून ठेवलं.

शुगर तपासायला बाईंना दवाखान्यात आणलं होतं. ड्रेसिंगच्या खोलीत पाय स्टुलावर घेऊन सिस्टरने पाहिलं, तर आवरणाची एक कड सुटलेली आणि पट्टीखाली पिवळट डाग. पू! दुसरं काय असणार? जाळीवालीला निरोप धाडला, पण ती येईपर्यंत धीर कुणाला? नुसतं कड उचलून बघते, एवढंच ती मनाशी म्हणाली. आवरण निघालं. पट्टी मात्र जखमेला धरून बसली होती.

आणि चिकटलेली पट्टी दिसली की तिचा हात कुठे जाणार? सलाईनच्या बाटलीकडेच. धार सोडली सुद्धा. तोंडही सुरू झालं, "दुखलं तर सांगा हं, वन्सं. अगदी हळू काढते." शिट्टीबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात पट्टीचा डिंक झाला, डिंकाचं पाणी झालं आणि ते घरंगळत ट्रेमध्ये गेलं.

दारात जाळीवाली उभी होती.

"सिस्टर! भिजवलीत?"

"चिकटली होती गं," सिस्टर म्हणाली. बाटली अजून हातातच. "ओढली असती तर दुखलं असतं ना."

"पण," ती मुलगी रडकुंडीला आली होती, "त्यांना तिथे दुखतच नाही ना?"

सिस्टरला आपण कुठे तोंड लपवावं ते कळेना. ज्या पायाला दुखण्याची अक्कलच उरली नव्हती, त्याला दुखू नये म्हणून हिने औषध नाल्यात सोडलं होतं. आता शिट्टी वाजणार, सगळा वॉर्ड गोळा होणार, आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार, अशी तयारी करून ती उभी राहिली. शिट्टी वाजली नाही. बाई ट्रेकडे बघत होत्या.

जाळीवालीने वाकून जखम पाहिली आणि ती रडायलाच लागली. "बघा ना! पू नव्हताच तो, औषधाचाच रंग होता. आणि कडेने लाल दाणे आलेत. इतकी छान भरायला लागली होती हो!"

सिस्टर त्याच पावली साहेबांकडे गेली. कुणाच्या अंगावर ढकललं नाही, आवरणाच्या सुटलेल्या कडेवरही नाही. "मी भिजवली," म्हणाली, "माझा हात गेला." साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की या पायाचा निकाल आता पट्ट्यांच्या अभ्यासात धरता येणार नाही. पण जखम वळणावर आहे, अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला विचारून उपचार म्हणून आणखी एक पट्टी लावता येईल. लवकर मिळाली तर. पंधरवडा काही थांबणार नाही.

आणि नेमकी हवा दमट झाली. असल्या हवेत धागा धरत नाही म्हणे. सुईच्या टोकावरून नुसते थेंब टपकायचे, रूळ आपला कोरडा फिरत राहायचा. जाळीवाली यंत्राशी झुंजायची, हवा कोरडी करायची, पाक पुन्हा बनवायची. सिस्टर ड्यूटी संपली की तिच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. आत जायची नाही. "मी आत आले तर तेही बिघडेल," म्हणायची. पोरीला चहा मात्र दारातून द्यायची आणि तिच्या केसांतलं पेन काढून तिच्या हातात ठेवायची. शेवटी एका दुपारी दार उघडलं. जाळीवालीने मान डोलावली. साय धरली होती.

पट्टी लावायची वेळ आली तेव्हा सिस्टर भिंतीला टेकून उभी राहिली. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," ती म्हणाली, "मी हात लावणार नाही."

"कुणाला बोलवायचं नाही," शिट्टीबाई स्टुलावरून म्हणाल्या. "तीच लावेल. आणि ए सिस्टर, हात मागे घेऊ नकोस. मैदानावर पडलं की काय करायचं असतं?"

सिस्टरने पट्टी लावली.

मग घरात सुरू झाला पहारा. भावजयीचा हात पायाच्या दिशेने चार बोटं जरी सरकला तरी शिट्टी. पायाखालची उशी सारखी करायला गेली तरी शिट्टी. "अहो, उशी आहे ती!" "उशीलाही हात नाही!" खाली नवऱ्याने भिंग लावलं. सिस्टरच्या हातांना इतकं रिकामपण कधी माहीत नव्हतं. ती कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा आवरायची, आणि पलंगाच्या पायथ्याशी येऊन आवरणातून बघत बसायची. डाग वाढला की तिचा जीव वर-खाली व्हायचा. उचलून बघावंसं वाटायचं, देवा, किती वाटायचं! पण उचललं नाही. असं काही न करता बसणं हेही काम असतं, आणि तिने आजवर केलेल्या कामांत तेच सगळ्यात अवघड होतं.

पट्टी उघडायच्या दिवशी साहेब होते, जाळीवाली होती, आणि चिमटा हातात घेऊन सिस्टर. सलाईनची बाटली तिने स्वतःच आधी उचलून बाहेर ठेवली होती. आवरण सोललं. खाली सोडवायला काही उरलंच नव्हतं. पट्टी जखमेत जिरून गेली होती आणि जिथे खड्डा होता तिथे लाल, भरीव मांस आलं होतं, कडेने गुलाबी कातडी आत सरकत होती.

साहेबांनी पाय इकडून पाहिला, तिकडून पाहिला, बोटाने दाबून पाहिला. "अजून वेळ लागेल," ते म्हणाले. "बूट बदला, गोळ्या चुकवू नका. पण कापायची गरज नाही. पाऊल राहतंय."

जाळीवालीने साहेबांच्या देखत टाळी वाजवली आणि मग लाजली. सिस्टर चिमटा धरून तशीच उभी. काढायला काही नव्हतं, करायला काही नव्हतं, आणि मास्कच्या वरच्या कडेपाशी डोळ्यांतलं पाणी साचायला लागलं होतं. तिने नवी पट्टी घ्यायला ट्रेकडे तोंड फिरवलं.

"ए सिस्टर," मागून आवाज आला. "माझी फुंकर राहिली."

तिला वाटलं, बाई टोमणा मारतायत. वळून पाहिलं तर शिट्टीबाईंच्या चेहऱ्यावर टोमण्याचं नाव नव्हतं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला तिथे कळणार तरी आहे का?"

"नाही कळत," शिट्टीबाई म्हणाल्या. "पण मला दिसतं ना."

सिस्टर खाली वाकली. मास्कमधून तिने हळूच फुंकर घातली. शिट्टीबाईंनी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि त्या टक लावून बघत होत्या.

"हं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "आता बांध."